जोमा तांडेलाची हलती जमीन

“जमीन हलतेय की मी हलतोय, एवढंच सांगा बाबा! उपदेश नको.”

जोमा तांडेल दर्ग्याच्या खांबाला मिठी मारून ओरडत होता. समोर चटईवर बसलेले म्हातारे फकीर, हसनबाबा, कोयत्याने नारळ सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कधीपासून?”

“आठवडा झाला. वादळातून किनाऱ्याला लागलो तेव्हापासून. होडीतून उतरलो, पण होडी काय अंगातून उतरेना.”

“औषध?”

“डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. बायकोने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. तांडेल मी, अख्खी होडी हाकणारा, आणि घरात भिंत धरून चालतो!”

हे बोलतानाच त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. होडीवर त्याच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. आता त्याचे स्वतःचेच पाय त्याला जुमानत नव्हते.

“वादळात काय झालं?”

“अख्ख्या बंदराला ठाऊक आहे.”

“मी बंदरात राहत नाही.”

जोमाने दातओठ खाल्ले.

“जाळं खडकात अडकलं. होडीचं नाक पाण्यात जायला लागलं. मी ओरडलो, ओढा, दोर कापायचा नाय! आणि धाकूने, माझ्या सख्ख्या भावाने, माझ्या ताटात जेवून वाढलेल्याने... दोरावर कोयता घातला. तांडेल नाय म्हणत असताना!”

“होडी बुडाली?”

“नाय.”

“माणसं?”

“आली सगळी.”

“मग गेलं काय?”

“जाळं गेलं! माझा शब्द गेला!”

त्या बंदराची एक रीत होती. समुद्रावर दिलेली शिवी होडीतच ठेवायची आणि किनाऱ्याला लागलं की सगळ्यांनी तांडेलाच्या घरी एका पंगतीला बसायचं. त्या दिवशीही पंगत बसली. धाकूचं पान मात्र जोमाने मांडू दिलं नाही. दारात आलेल्या भावाला त्याने सगळ्यांदेखत परत धाडलं.

धाकू आल्या पावली मागे फिरला. उद्या तो बायकामुलांना घेऊन गाव सोडणार होता.

“नाय मांडलं त्याचं पान! नाय मांडणार! जाऊ दे बोऱ्याबिस्तार गुंडाळून! मेलो तरी तोंड बघणार नाय त्याचं!”

जोमाचा आवाज घुमटात घुमला. कबुतरं फडफडत उडाली.

“जोमा,” बाबा म्हणाले, “खांब कुठे आहे?”

जोमाने वळून पाहिलं. खांब मागे राहिला होता. तो दर्ग्याच्या मधोमध उभा होता... पाय फाकून, गुडघे वाकवून, होडीवर उभा राहतो तसा. आणि फरशी जराही हलत नव्हती.

“थांबलं! बाबा, थांबलं...”

त्याला हसू फुटलं. राग कुठल्या कुठे गेला. पण राग गेला आणि फरशीने पुन्हा हेलकावा घेतला. तो धडपडत खांबापाशी आला.

“पुन्हा सुरू झालं...”

“मग दे शिव्या. थांबेल.”

“म्हणजे जन्मभर शिव्या देत उभा राहू?”

“आठवडाभर दुसरं काय करतोयस?”

म्हाताऱ्याचा त्याला असा संताप आला, की जमीन पुन्हा गपकन थांबली. या वेळी मात्र त्याला आनंद झाला नाही. तिच्या त्या थांबण्याचीच त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

दर्ग्याच्या पायऱ्यांवरून खाली धाकूचं घर दिसत होतं. अंगणात पत्र्याची पेटी निघाली होती. शेजारी अंथरुणांची वळकटी, आणि तिच्यावर बसलेली धाकूची लेक. जोमा बघत राहिला. फरशी हळूहळू हलायला लागली. त्याने खांब घट्ट धरला.

“बाबा... काहीतरी द्या. ताईत द्या, अंगारा द्या. असा नाय जगता येत मला.”

बाबा उठले. कोयत्याचं पातं त्यांनी अंगरख्याला पुसलं आणि मूठ त्याच्याकडे करून कोयता पुढे धरला.

जोमा दचकला.

“कोयता? आत्ता? मी कधी भडकेन नेम नाय बाबा, आणि माझ्या हातात कोयता देता?”

“तुझ्यासाठी नाही. तुझं जाळं अजून खडकातच अडकलंय. धाकूला नेऊन दे. दोर कधी कापायचा, ते त्याला कळतं.”