भोकाचे पान

एका राज्यात पानाला भोक पडणे हा अपराध होता.

झाले असे, की राजा अरिंदम जेवायला बसला आणि त्याच्या पालेभाजीत अळी निघाली. राजाने ताट सारले. म्हणाला, राजाने किड्याचे उष्टे खायचे काय? दरबारात तमोधर नावाचा जादूगार होता. त्याने शहराभोवतालच्या मळ्यांत सात घडे मंतरलेले निळे पाणी शिंपडले आणि सांगितले, “महाराज, आजपासून आपल्याआधी या पानांना कुणी तोंड लावणार नाही.”

तसेच झाले. भाजी काचेसारखी चकाकू लागली. ना भोक, ना डाग, आठ दिवसांनीही कोमेजणे नाही. लोक जुडी उलटीसुलटी करून बघत आणि हरखत. मग मधमाश्या गेल्या. मग फुलपाखरे गेली. मग माणसांची भूक जाऊ लागली, आधी म्हाताऱ्यांची आणि लेकरांची. ज्याची भूक जाई त्याची सावली पायाकडून हिरवी होत वर चढे. डोक्यापर्यंत चढली की ते माणूस पुन्हा उठत नसे. पहिल्याच वर्षी राजमाता गेली. भाजीवर मात्र कुणाचा संशय आला नाही. इतक्या देखण्या भाजीवर कोण संशय घेणार?

राजवाड्यात दवणा नावाची बाई भाजी निवडायला होती. पाल चुकचुकली तरी दचकणारी. पण नजर अशी, की सुईच्या टोकाएवढे भोक असलेले पानही तिच्या हातून कधी निसटले नव्हते. तिची लेक शेवंती, पाच वर्षांची. लेकीच्या ताटातले उरलेसुरले रोज दवणा खाई. एके दिवशी तिने ताट पाहिले, तर उष्टे झालेच नव्हते. तिने लेकीला उन्हात उभे केले. सावली घोट्यापर्यंत हिरवी होती.

दवणा घराच्या गच्चीवर जाऊन रडत बसली. कठड्यावर साळुंकी उतरली आणि म्हणाली, “बाई, किडीचे पान तू फेकायचीस. त्यातल्या अळ्यांवर माझी पिल्ले जगायची. यंदा तीन होती. आता एकही नाही.”

दवणा दचकली, पण पळाली नाही. “माझे एकच आहे,” ती म्हणाली.

साळुंकीने मान फिरवली. मग तिने तीन कामे सांगितली. निळे पाणी न प्यालेली माती कर. तीत मंत्राआधीचे बी पेर. उगवलेले पान पहिल्यांदा किड्याला खाऊ दे, त्यानंतर राजाला. राजाने किड्याचे उष्टे आपखुशीने खाल्ले, की मंत्र तुटेल.

“आणि मधेच दुसऱ्या कुणी तोंड लावले, तर मंत्र त्या मातीतल्या सगळ्याच रोपांना धरील,” साळुंकी म्हणाली. “लेकीनेसुद्धा लावायचे नाही.”

मळ्यात तसली माती उरली नव्हती, म्हणून दवणाने ती केली. तळ फुटलेला जुना माठ गच्चीवर ठेवला. पिंपळाचा पाचोळा, शेण, चुलीतली राख, थरावर थर. रोज पाणी शिंपडी, रोज हाताने हलवी. दोन महिन्यांनी पाचोळ्याची माती झाली. तोवर शेवंतीची सावली गुडघ्यापर्यंत हिरवी झाली होती.

बी शहरात कुठेच मिळेना. होते ते एकाच जागी. दवणाच्या आईने नातीसाठी वाळक्या भोपळ्याचा खुळखुळा केला होता, त्यात माठाच्या भाजीचे बारीक बी भरले होते. दवणा तो हातात घेऊन नुसती बसून राहिली.

“फोड गं आई,” शेवंती म्हणाली. “मला तो आता जड होतो.”

तिने फोडला. माठात माठ पेरला. शेजारीण कठड्यावरून बघत होती. म्हणाली, “आणि पेरणारीही माठच.” दवणाने बियांवर माती भुरभुरली.

रोपे वर आली, तांबूस, कोवळी. पण राज्यात किडा कुठला असायला? साळुंकी सीमेपलीकडच्या रानात उडून गेली. एक दिवस झाला, दोन झाले. सावली गळ्याशी आली. पाचव्या दिवशी शेवंतीने डोळे उघडले.

“आई, ओल्या पानांचा वास येतो. एक देतेस?”

किती महिन्यांनी लेकीने काही मागितले होते. दवणाचा हात पानापर्यंत गेला. मग तिने तो मागे घेतला.

“परवा देते, बाळा.”

सातव्या दिवशी साळुंकी परतली. चोचीत अळी होती, जिवंत. उपाशी पाखराने ती गिळली नव्हती. अळी पानावर चढली आणि वाटाण्याएवढे भोक पाडून थांबली. ते पान ताटात घेऊन दवणा धावत दरबारात गेली.

राजा म्हणाला, “हे किड्याचे उष्टे आहे.”

“होय, महाराज.”

“ते मी खावे?”

दवणाने ताट पुढे केले. ती म्हणाली, “लहानपणी आपले उष्टे कोण खात असे, महाराज?”

 राजाने शेजारच्या, राजमातेच्या रिकाम्या आसनाकडे पाहिले. मग पान उचलले आणि देठासकट खाल्ले.

मंत्र तुटला. तमोधराच्या सातही घड्यांना मुंग्या लागल्या. तो त्याच दिवशी राज्य सोडून गेला. दवणा घराकडे पळत सुटली. दारोदारी लेकरे आयांचे पदर ओढत होती, खायला दे म्हणत होती. तिच्या घरात खिडकीतून ऊन आले होते. शेवंतीची सावली काळीभोर झाली होती. पण ती हलत नव्हती. शेवंती पुन्हा उठली नाही.

पुढे राजाने मळे नांगरून दोन वर्षे पडीक ठेवले. गच्चीगच्चीवर फुटक्या माठांत भाजी आली. दवणा अजून राजवाड्यात भाजी निवडते. भोकाचे पान दिसले की ते जुडीच्या वर ठेवते. दर हंगामाला खुळखुळ्याचे तुकडे सांधून त्यात नवे बी भरते. वाजवत मात्र नाही.

ज्याने ही कहाणी ऐकली, त्याच्या घरी एक भोकाचे पान येवो. आणि ते मागणारे लेकरू ताटावर बसलेले असो.