खिंडीतले राघू

त्या मुलुखात कुणाचाही आवाज पलीकडे जायचा तो खिंडीतूनच. दोन्ही अंगांना उंच डोंगर होते आणि दुसरी वाट नव्हती. माळावरून दिलेली हाक वाऱ्याबरोबर खिंडीतून जाई, ज्याची त्याला पोचे आणि विरून जाई. विरून जाते म्हणूनच सगळे तिच्यात मनातले घालत.

मग खिंडीच्या राखणीवर एक तरस नेमले गेले. त्याने कपारीत शंभर राघू बसवले. जाणारी प्रत्येक हाक, बोलणाऱ्याच्याच आवाजात, जशीच्या तशी पाठ करायची, एवढेच त्यांचे काम. हाक अडवायची नाही, कुणाला विचारायचे नाही. हाका पाठ केल्या जातात, अशी बारीक सूचना एका पळसाच्या सालीवर नखाने कोरली होती. ती कुणी वाचावी अशी कोरणाऱ्याचीही इच्छा नव्हती.

माळावर एक टिटवी राहत असे. टिटव्या घरटे बांधत नाहीत. उघड्यावर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच अंडी घालतात. जागा कुणाला ठाऊक नाही, एवढाच त्यांचा आडोसा. पण त्यांची एक रीत आहे. अंडी घातली की टिटवी आपल्या एका बहिणीला जागा सांगते. आपले काही बरेवाईट झाले तर तिने येऊन बसावे म्हणून. दुसऱ्या कुणाला सांगत नाही.

टिटवीने पलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला हाक दिली, "आक्का, करपलेल्या बाभळीच्या उगवतीला, सात पावलांवर. चार आहेत. चारही ठीक आहेत."

आक्काने उलट विचारले, "सात तुझी की माझी? तुझे पाय लहानपणापासून आखूड."

"माझीच धर," टिटवी हसून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मुंगूस आले. ते हुंगत नव्हते, शोधत नव्हते. बाभळीपासून पावले मोजत येत होते. पंख मोडल्याचे सोंग करून टिटवी भलतीकडे ओरडत पळाली. तिच्या आईने, आजीने असेच शत्रूला फसवले होते. मुंगसाने मान वळवून पाहिलेही नाही. सात छोटी पावले मोजली आणि ते खाली वाकले.

टिटवी तरसाकडे गेली. तरसाने तिला सावलीत बसवले आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले. मुंगूस माळाच्या बंदोबस्तावर आहे, त्याला ऐकण्याचा अधिकार आहे, असे समजावले.

"मी ते माझ्या बहिणीला सांगितलं होतं," टिटवी म्हणाली.

"मग? बहिणीला पोचलं की, बाई."

तिची खात्री पटावी म्हणून तरसाने खूण केली आणि एका राघूने चोच उघडली. आवाज तिचाच होता, मायाही तिचीच. "चार आहेत. चारही ठीक आहेत."

हे तरी पुसून टाका, असे तिने विनवले. तरस म्हणाले की राघूला शिकवायची सोय आहे, विसरवायची नाही. मग ते जेवायला उठले.

पुढच्या सालापर्यंत माळ शहाणा झाला होता. आता हाका जात त्या अशा: गवत बरे आहे, तरससाहेब मायाळू आहेत. राघू त्याही मन लावून पाठ करत.

टिटवीने पुन्हा चार अंडी घातली, निवडुंगाच्या आड. आणि हाक दिली, "आक्का, कोरड्या तळ्याशी, फुटक्या शिळेच्या मावळतीला, पाच पावलांवर. चार आहेत. चारही ठीक आहेत." आक्काशी ती जन्मात पहिल्यांदा खोटे बोलली. पिल्ले उडू लागली की स्वतः जाऊन कानात खरे सांगू, असे तिने ठरवले होते.

मुंगूस शिळेपाशी गेले, टिटवीने तिथे मांडून ठेवलेले चार दगड चावून बघितले आणि दात दुखवून परतले. टिटवी दुरून पाहत होती. कितीतरी दिवसांनी तिला त्या दिवशी भूक लागली.

आठव्या दिवशी ती पाण्यावर गेली असताना ससाण्याने तिला उचलले.

हाक येईनाशी झाली तेव्हा आक्का काय ते समजली. तिच्या पंखांत पूर्वीचे बळ उरले नव्हते. डोंगर ओलांडायला तिला दोन दिवस लागले. फुटकी शिळा सापडली. शिळेपासून ती मावळतीला चालू लागली, मुद्दाम आखूड पावले टाकत. एक, दोन, तीन, चार, पाच. तिथे चार गोल, ठिपक्याठिपक्यांचे दगड होते, उन्हाने कोमट झालेले. तिने ते चोचीने हलकेच फिरवले, पिसे फुलवली आणि वर बसली.

ती उठली नाही. वारा आला, धूळ आली. एकदा मुंगूस जवळून गेले आणि थांबलेही नाही.

माळाच्या दुसऱ्या टोकाला निवडुंगाची सावली सरकत होती आणि तिच्याआड जे होते ते एकेक करून गार पडत होते. आणि खिंडीत राघू आपली उजळणी करत होता, एक शब्द न चुकता, धाकट्या बहिणीच्या आवाजात, "चार आहेत. चारही ठीक आहेत." आक्काला ते ऐकू येत होते, म्हणून ती आणखी घट्ट बसली.