ओल्या कोळशांचा विस्तव

अकरा महिन्यांपूर्वी मला एक पत्र आले. लिहिणाऱ्या शैलजाताई तुंगारे परदेशात परिचारिका आहेत. त्या जिथे काम करतात, ते शहर युद्धात जवळजवळ उरलेले नाही. आमच्या मठाने छापलेली केशवगीर महाराजांच्या कथांची पुस्तिका त्यांच्याजवळ होती, आणि तिच्यातल्या कथा मी संकलित केलेल्या, म्हणून त्यांनी मला विचारले होते, "इथे आया मुलांना कोरडे पीठ चाटवतात, कारण चूल पेटवायला काही नाही. शहर जळते तेव्हा महाराज कुठे असतात?" मी पुस्तके चाळली, चार मसुदे फाडले. उत्तर काही जमले नाही. आता त्यांना एक कथाच लिहून पाठवतो. ती पुस्तिकेत घ्यायला मी धजलो नव्हतो, कारण तिच्यात शहर वाचत नाही.

त्या काळी केशवगीर महाराज कुसुंबदरीला राहत. डोंगराच्या कुशीत पन्नास गवती छपरांचे गाव, ओढ्याकाठी मठी आणि मठीपुढे अखंड धुनी. होळीच्या सकाळी घरोघरच्या बाया चूल सारवून त्या धुनीचा विस्तव खापरातून घरी नेत. संध्याकाळी होळीही त्यानेच पेटे. पेटवण्याचा मान रंभाजी पाटलांचा. धुनीची राख काढण्याचे काम झुंबराबाई नावाच्या एकट्या म्हातारीचे. पाटील तिला 'राखुंडी' म्हणून चिडवत. ती हसून सोडून देई.

त्या वर्षी दोन सरदारांच्या भांडणात बारा कोसांवरचे जैतनगर जळाले. ज्यांनी तलवार कधी हातात धरली नव्हती, तेच जास्त मेले. होळीच्या आदल्या दिवशी तिथल्या साळीवाड्यातली, म्हणजे विणकरांच्या वस्तीतली, तीस-चाळीस माणसे चालत येऊन गावच्या वेशीबाहेर, चिंचांखाली बसली. त्यांच्यात लाडूबाई नावाची साळीण होती. मुलगा मागेच राहिला होता. कसा, ते ती कुणाला सांगत नव्हती. सून वाटेत बाळंत झालेली, बाळ चार दिवसांचे.

गावाने त्यांना जोंधळे दिले, पण विस्तव नाही. पाटलांनी दवंडीच पिटवली होती. "ज्यांच्या मागे आग लागलीय, त्यांना विस्तव द्यायचा नाही. आपली छपरं गवताची आहेत." पाटील दुष्ट नव्हते, भ्यायलेले होते. पण पोरे कच्चे जोंधळे चघळत राहिली, बाळंतिणीला शेक मिळेना, आणि डोंगरावरच्या गारठ्यात बाळ निळे पडू लागले.

होळीच्या सकाळी झुंबराबाई महाराजांपुढे उभी राहिली. "महाराज, लेकरू गार पडत चाललंय. नेऊ का विस्तव?"

"मला काय विचारतेस? धुनी तू राखतेस," महाराज म्हणाले. "जपून ने, बाई."

तिने खापरात निखारे घेतले आणि पदराआड धरून निघाली. वेशीत पाटलांनी अडवले.

"काय गं राखुंडी, आता गाव जाळायला निघालीस?" त्यांनी शेजारची घागर उचलून खापरावर ओतली. फस्सकन वाफ निघाली. जमलेले लोक हसले. "जा, ने आता. आणि फुंकत बस जन्मभर!"

बिचारी खरोखरच गेली! चिंचेखाली लाडूबाईने बरोबर आणलेल्या रिकाम्या शेगडीत तिने ते ओले, काळे कोळसे मांडले. लाडूबाई म्हणाली, "आजी, ह्यातनं पाणी गळतंय."

"माझ्या महाराजांनी जपून ने म्हटलंय, टाकून दे नाही म्हटलं," असे म्हणून झुंबराबाईने महाराजांचे नाव घेतले आणि फुंकर घातली. एक कोळसा लाल झाला. मग दुसरा. पाणी गळत होते आणि निखारे फुलत होते! शेगडीवर हात धरून लाडूबाईने तळवे बाळाच्या पोटाला लावले. परत लावले. दुपारी बाळ रडले, चांगले ठणठणीत रडले.

गावात मात्र पाटलांनी पाणी ओतले त्याच घटकेला धुनी निवली होती. घरोघरच्या चुली विझल्या. चकमकीला ठिणगी पडेना. दिवस मावळतीला आला, होळी रचून तयार, आणि साऱ्या कुसुंबदरीत विस्तव नाही. धूर दिसत होता तो फक्त चिंचांखाली.

पाटील मठीत धावले. "महाराज, आता काय करायचं?"

"विस्तव संपला की शेजारी मागतात, पाटील. खापर घ्या आणि जा."

पाटील गेले. लाडूबाईपुढे त्यांनी खापर धरले. तिचे घर आगीने नेले होते, मुलगा नेला होता. तिने निवडून तीन मोठे निखारे घातले.

"आई, सकाळी मीच विझवला होता," पाटील म्हणाले.

"मग आता वाऱ्याला हात आडवा धरा. आमच्यात विस्तवाला कुणी नाही म्हणत नाही."

महाराज मागून आले होते. ते म्हणाले, "चाळीस वर्षांमागे धुनी पेटवली, तेव्हा विस्तव ह्यांच्याच साळीवाड्यातून मागून आणला होता मी. ज्यांचा होता, त्यांच्याकडे गेला."

पाटलांनी खापर हातात तसेच धरून झुंबराबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती घाबरून ओरडली, "अहो पाटील, उठा, निखारे सांडतील!"

त्या होळीला साळी मंडळी वेशीच्या आत होती.

शैलजाताई, शहर जळताना महाराज कुठे होते, ते मला अजूनही ठाऊक नाही. लाडूबाईचा मुलगा परत आला नाही. त्या दुपारी मात्र महाराज त्या शेगडीपाशी होते, असे मी मानतो. तुम्ही तिथे कुणाच्या तरी तळव्यांना ऊब देत असाल, तर तिथेही असतील.

पत्ता दोनदा ताडून पाहिला. पाकीट आज पेटीत टाकले.