कोरी ओळ

उंबरटेकच्या विद्यापीठाच्या फाटकावर जे नाव आहे ते वाचायला एसटीला थांबावं लागतं. ‘श्रीमंत दाजीसाहेब सरनोबत स्मृती उंबरटेक सार्वजनिक विद्यापीठ’. पितळी अक्षरं, खाली कायद्याचा क्रमांक. पण एसटीचा कंडक्टर फाटकाशी घंटी मारतो आणि ओरडतो, “अव्वावाले उतरा!” अख्खी गाडी उतरते. दाजीसाहेबांचं नाव घेऊन कुणी उतरलेलं मी अजून पाहिलं नाही.

लग्नानंतर दीड महिन्याने मी एम.ए.चा अर्ज भरायला तिथे गेले. सोबत वन्सं होत्या, आणि माहिती द्यायला सासूबाईंचे थोरले भाऊ, लिंबाजीनाना. नाना तिथे एकतीस वर्षं शिपाई होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कचेरी उघडायला वेळ होता. नानांनी आम्हाला फाटकामागच्या विहिरीपाशी नेलं. घरी आलेले आणखी काही पाहुणे मागून आले होते, तेही कठड्यावर टेकले. रहाटाला घागर लटकत होती.

“घागर सोडायच्या आधी नाव घ्यायचं,” नाना म्हणाले. “कुणाचं, ते अगोदर ऐका.”

ही गोष्ट फार जुनी नव्हे, सत्तरएक वर्षांची; पण सांगून सांगून जुनी झालेली. त्या वेळी विद्यापीठ कुठे द्यायचं यावर दोन गावं भांडत होती, असे सांगतात. सरकारने अट घातली: जिथे बारमाही पाणी, तिथे विद्यापीठ. मे महिन्यात पाहणीला माणसं येणार होती. उंबरटेक तर कोरडी ठाक. रावसाहेब सरनोबतांनी टेकडीवर विहीर खणायला घेतली. साठ हात खोल गेली, तरी खाली खडक तो खडकच. कंत्राटदार सामान आवरून निघून गेला. वडारवाडीतली माणसंही एकेक करून वर आली. खाली राहिली एकटी दुर्गव्वा.

नवरा दगडाखाली गेलेला. एकच मुलगी, नागी. ती मॅट्रिक झाली होती; अख्ख्या वडारवाडीत तेवढी एकच. रावसाहेब कठड्यावरून वाकून म्हणाले, “दुर्गव्वा, पाणी लागू दे. विद्यापीठाच्या रजिस्टरात पहिलं नाव तुझ्या पोरीचं.”

“चार माणसांत बोला,” खालून आवाज आला.

रावसाहेब चार माणसांत बोलले. मग दुर्गव्वाने पण केला: पाणी लागेपर्यंत विहिरीबाहेर पाऊल टाकणार नाही. वरून दोराने भाकरी खाली जाई आणि त्याच दोराने दगडांची पाटी वर येई. नवव्या दिवशी दुपारी पहारीचा आवाज बदलला, म्हणे. दगडावर बसतो तसा खण्ण नाही, भरल्या मडक्यावर पडावा तसा. नागीने दोर सोडला. पण पाणी दोरापेक्षा वेगाने आलं. दोराला लागून पाटी वर आली. पाटीत पहार उभी होती. दुर्गव्वा आली नाही.

“नऊ दिवसांत कुणी उतरून तिला वर घेतलं नाही होय?” एका पाहुणीने विचारलं.

“पण होता ना तिचा,” नाना म्हणाले. “दुसऱ्याच्या पणाला सगळे फार मान देतात.”

विद्यापीठ मिळालं. सरकारी कागदात नाव घालायची वेळ आली तेव्हा टेकडीवर घातलेल्या मांडवात तीन दिवस वाद चालला. कुणाला गावाचं नाव हवं होतं, कुणाला देवाचं, कुणाला जिल्ह्याचं. शेवटी रावसाहेबांच्या वडिलांचं ठरलं. दाजीसाहेबांनी ही टेकडी सशांच्या शिकारीपुरती पाहिली होती. उद्‌घाटनाला रावसाहेबांच्या पत्नीने चांदीच्या ताटात तांदूळ पसरून अंगठीने विद्यापीठाचं नाव लिहिलं. नव्या नवरीचं लिहितात तसं.

इथे वन्सं माझ्याकडे बघून हसल्या. माझंही लिहिलं होतं. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला. मीही खाल्ला.

ताट फिरलं, टाळ्या झाल्या, आणि कारकुनाने नवं रजिस्टर उघडलं. पहिल्या ओळीवर ‘१’ घातला. समोर नागी उभी होती, आईच्या लुगड्यात. कारकून म्हणाला, “नाव?”

“नागी दुर्गव्वा.”

रावसाहेबांनी पानावर हात ठेवला. म्हणाले, “पहिलं नाव कायमचं राहतं, पोरी. ते शोभलं पाहिजे. आमच्या पुतण्याचं घालू. तुझं घेऊ पुढे कुठेतरी.”

“पुढे नको. पहिलं कबूल केलं होतं.”

“कामाच्या वेळी माणूस बोलतो गं,” रावसाहेब म्हणाले. मांडवात हसू फुटलं. त्या मांडवात ते चार जणही बसले होते, ज्यांच्यासमोर शब्द दिला होता. चौघेही हसले, असे सांगतात.

नागी रडली नाही. पानाकडे एकदा बघून ती विहिरीवर जाऊन बसली. पाहुण्यांना तहान लागली. भटजी घागर घेऊन आले आणि दाजीसाहेबांच्या नावाने सोडली. घागर बुडाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वर आली ती रिकामी. दोर ओला, घागर कोरडी. मग गावाच्या नावाने सोडली, मग देवाच्या. दोर ओला, घागर कोरडी. पुढल्या वर्षीच्या मे महिन्याचं ऊन. मांडवात मंत्री घामाघूम झालेले, बायका पोरांना पदराने वारा घालत होत्या.

शेवटी गावातली एक म्हातारी पुढे झाली. म्हणाली, “मेलीचं नाव घ्यायला एवढी जीभ जड होते का रे तुमची? अव्वा, पाणी दे.” घागर काठोकाठ भरून आली.

रावसाहेब शहाणे होते. ते म्हणाले, “बरं, पाणी अव्वाचं.” म्हणजे पाणी तिचं, रजिस्टर त्यांचं. इतकं देऊन आपण सुटलो असं त्यांना वाटलं. पण घागर पाहिलेला कारकून पहिल्या ओळीत दुसरं नाव घालायला धजेना. त्याने पुतण्याचं नाव दोन नंबरवर घातलं. पहिली ओळ तशीच राहिली. नागी आईची पहार खांद्यावर टाकून टेकडी उतरली. ती कुठे गेली, कुणी सांगत नाही.

“बघा, केवढा मान!” वन्सं म्हणाल्या. “सत्तर वर्षं तिच्यासाठी ओळ कोरी ठेवलीय.”

नाना उसळले. “मान? ताट वाढायचं, माणसाला उपाशी ठेवायचं, आणि वर म्हणायचं, बघा, ताट कसं राखून ठेवलंय! इतके कुलगुरू आले. मी प्रत्येकाला म्हटलं, साहेब, नाव घालून टाका. म्हणतात, नियमात बसत नाही. दाजीसाहेबांच्या मागे स्मृती लावायची होती तेव्हा एका अधिवेशनात बसलं नियमात.”

मी हळूच विचारलं, “मग कुणीच कधी लिहिलं नाही?”

“लिहितात की,” नाना खिशातली पेन्सिल चाचपत म्हणाले. “दरवर्षी प्रवेश सुरू झाले की त्या ओळीत ‘नागी दुर्गव्वा’ लिहिलेलं सापडतं, म्हणे. पेन्सिलीने. कचेरी खोडून टाकते. कोण लिहितं, देव जाणे.”

“मागच्या वर्षी सापडलं होतं?”

नानांनी रहाटावरची घागर सारखी केली. “मागच्या वर्षी मी नव्हतो, सूनबाई,” म्हणाले.

कचेरी उघडली. खिडकीतल्या बाईंनी माझ्या अर्जावरून नजर फिरवली. “लग्नाआधीचं की नंतरचं नाव?” मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, “नंतरचं. आम्ही बदललंय.” बाईंनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं; पहिल्या दिवसापासूनचं तेच, पानं जोडत जाड झालेलं. “नावापुढे सही करा,” म्हणाल्या, आणि शिक्का शोधायला आत गेल्या. वन्सं फोनवर सासूबाईंना काम झाल्याचं कळवत होत्या. माझ्या हातात पेन होतं. मी पहिलं पान उलटलं.

आजही अव्वाच्या विहिरीवर नाव घेतल्याशिवाय कुणी घागर सोडत नाही. आजही तिथल्या प्रत्येक वर्गाची हजेरी दोन नंबरापासून सुरू होते. प्रवेशाच्या रजिस्टराचं पहिलं पान उजेडात धरलं तर पहिल्या ओळीचा कागद खोडून खोडून पातळ झालेला दिसतो. यंदाही त्या ओळीत नाव सापडलं, म्हणे. यंदा शाईने.