आवाजाहून मऊ नानकटाई

एक होतं गाव. डोंगराच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागांत दडलेलं. तिथली माणसं भारी बडबडी. विहिरीवर बोलायची, बांधावरून बोलायची, तोंडात घास ठेवून बोलायची. मग एका हिवाळ्यात काय झालं, तिथं बोळकी येऊ लागली.

बोळकी कोण, म्हणता? सांगते. ती धुक्याची बाई होती. सकाळी डोंगरावरून उतरायची आणि दाराच्या फटीतून आत शिरायची. तिला डोळे होते, नाक होतं, हे एवढं मोठं तोंड होतं. पण तोंडात दात एकही नव्हता. मग ती खाणार काय? भाकरी चावत नव्हती, चणे फुटत नव्हते. म्हणून ती आवाज खायची. आवाज मऊ असतो ना! माणसानं उठून तोंड उघडलं, की ही समोर बसलेली. गप्पकन् गिळायची.

आवाज गेला की माणूस हळूहळू गार पडायचं. आधी बोटं जायची, मग हात, मग मान. शेवटी डोळे मिटायचे, ते पुन्हा उघडत नसत. पहिला गेला वेशीजवळचा गुराखी. मग कासार. मग कासाराची बायको.

त्या गावात येसू नावाची दहा वर्षांची मुलगी होती. तिला बाप नव्हता. आई होती, भागाबाई. एका सकाळी भागाबाई लेकीला हाक मारायला गेली, आणि हाक ओठांवर यायच्या आतच बोळकीच्या पोटात गेली.

पाच दिवस येसू नुसती रडली. पाच दिवसांत आईची बोटं गेली, हात गेले. मग सहाव्या सकाळी धुकं दाराशी आलं, तेव्हा येसू उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"माझ्या आईचा आवाज परत दे."

"खाल्लेलं कुणी परत देतं का गं?" बोळकी गिळायचं विसरून म्हणाली. "भूक लागते मला."

"मग खीर देते. पेज देते. मऊभात देते."

"अगं, मी पाण्याचीच. ओलं खाल्लं की माझ्यातच मिसळून जातं. पोट रितं ते रितंच. मला कोरडं पाहिजे. कोरडं, पण आवाजाहून मऊ. आणि त्याला उन्हाचा वास पाहिजे. ऊन आलं की मी विरते, म्हणून मी ते कधी हुंगलंच नाही."

"आणि दिलं तर?"

"पोटात जेवढे आवाज उरले असतील तेवढे सोडीन. पुन्हा कुणाचा खाणार नाही. पण तीनच सकाळी वाट बघीन. चुकलीस, की दर चुकीला एक आवाज."

येसू आईजवळ जाऊन बसली. कोरडं, मऊ, उन्हाच्या वासाचं. काय बरं असेल? तिनं बाहेर पाहिलं. सगळं गाव राखेसारखं करडं झालं होतं. झाडावरची संत्री तेवढी केशरी दिसत होती.

"आई, नानकटाई करू? संत्र्याची साल घालून?"

आईनं डोळे मिटले आणि उघडले. म्हणजे हो, बरं का.

मग शेजारची कोंडाकाकू मदतीला आली. काकूचा आवाज अजून शाबूत होता, आणि कसला! विहिरीवर बोलली तर बागेतले पोपट उडायचे. येसूनं परातीत तूप-साखर फेसली. कणीक घातली, थोडा बदामाचा कूट घातला, संत्र्याची साल किसून घातली. चपटे गोळे केले.

"आता वर एकेक अख्खा बदाम लाव," काकू म्हणाली.

"काकू, तिला दात कुठं आहेत?"

"दात नसतील, डोळे आहेत ना! पाहुणीपुढं बिनबदामाची नानकटाई ठेवशील? म्हणेल, भागाबाईची पोर कंजूस निघाली."

त्या गावाची रीतच होती तशी. आत किती का बदाम घाला, वर दिसला नाही तर घातलाच नाही. आई मान हलवून नको नको म्हणत होती. पण येसूनं तिच्याकडं पाहिलंच नाही. तिनं प्रत्येकीवर अख्खा बदाम दाबून बसवला. मग जाड पातेल्यात वाळू तापवली, वाळूवर ताटली ठेवली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. घरभर वास सुटला.

सकाळी बोळकी आली. तिनं हुंगलं आणि हसली. नानकटाई तोंडात घातली, तर बदाम कच्चकन हिरडीत रुतला.

"थट्टा करता माझी?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बोळक्या तोंडाला बदाम दाखवता?"

"अगं बाई, रीतच आहे ती..." काकू म्हणायला गेली. गप्पकन्! गेला काकूचा आवाज. काकू तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली. हसू नका रे. तिनं येसूचा हात घट्ट धरून ठेवला होता.

मग दुसरा दिवस. येसूनं मनाशी म्हटलं, बदाम नको आणि फिदाम नको. उन्हाचा वासच असा करते, की बोळकी नुसत्या वासानं खूश झाली पाहिजे. तिनं दहा संत्री घेतली. साल किसली, किसली, पार पांढरं लागेपर्यंत किसली. आईनं पुन्हा मान हलवली. नाही, नाही. येसू खाली मान घालून किसतच राहिली. घाईत माणूस आंधळं होतं बघा.

सकाळी बोळकीनं घास घेतला. मऊ होता. येसूच्या जिवात जीव आला. आणि मग बोळकीचं तोंड वाकडं झालं. संत्र्याचं ते पांढरं कडू असतं ना!

"ऊन कडू असतं होय?" बोळकीनं विचारलं.

"नसतं गं, मीच..." गप्पकन्! येसूचा आवाज गेला.

आता घरात तिघी, आणि बोलणारं कुणीच नाही. चुलीत लाकूड तडकलं तरी दचकायला होत होतं. आईची मानही आता हलेनाशी झाली होती. पापण्या तेवढ्या उरल्या होत्या. येसूची करंगळी गार पडली होती. आणि सकाळ उरली होती एकच.

मग येसूनं काय केलं? परात उचलली आणि आईच्या पुढ्यात नेऊन ठेवली. आता आईकडं पाहिल्याशिवाय काही करायचं नाही. ती तूप-साखर फेसू लागली. थांबली, वर पाहिलं. आईचे डोळे उघडेच. म्हणजे अजून फेस. हात भरून आला. तूप सायीसारखं पांढरं, हलकं झालं, तेव्हा कुठं आईनं डोळे मिटून उघडले. बदाम कुटायला काकू बसली. अख्खा बदाम मिरवणारी काकू! तिनं त्याचं पीठ होईपर्यंत खल सोडला नाही. मग येसूनं साल किसली. नुसती वरची केशरी, अलगद. पांढरं दिसायच्या आत संत्रं फिरवायचं. थोडा रसही घातला.

पातेलं निखाऱ्यांवर चढलं. बाहेर धुकं डोंगर उतरू लागलं होतं. येसूनं झाकण उचललं. नानकटायांच्या कडा तांबूस झाल्या होत्या, पण मध्ये फिकट, लिबलिबीत. काकूनं हातानं खुणावलं, कच्च्या आहेत, ठेव अजून. येसूलाही तसंच वाटलं. तिनं आईकडं पाहिलं.

आईनं डोळे मिटले.

येसू वाट पाहत राहिली. डोळे उघडेनात. आई 'काढ' म्हणाली होती, की आईचे डोळे कायमचे मिटले होते? कुणाला विचारणार? विचारायला आवाज कुठं होता?

मग येसूनं डोळे पुसले आणि पातेलं उतरवलं. आई हो म्हणाली, असंच तिनं धरलं.

बोळकी आत आली तेव्हा नानकटाया निवत होत्या. निवता निवता त्या नीट जमून आल्या होत्या. वरून कोरड्या, आणि बोटानं दाबलं तर दबतील अशा. बोळकीनं एक उचलली आणि दोन हिरड्यांमध्ये धरली. ती आपोआप विरघळली. मग दुसरी, मग तिसरी. अशा बाराच्या बारा खाल्ल्या.

"असं असतं होय ऊन," ती हळूच म्हणाली, आणि तोंड उघडून लहान पोरासारखी रडली.

उघड्या तोंडातून आवाज बाहेर पडले. काकूचा पहिला. "...आमच्या गावची!" काकूचं कालपरवाचं वाक्य पुरं झालं. मग येसूचा आला. "आई!" ती ओरडली. मग गुराख्याचा आवाज निघाला, झुळकीएवढाच उरलेला. तो घरभर आपलं माणूस शोधत फिरला. ते कुठं होतं? मग तो दारातून बाहेर गेला. कासाराचा आणि त्याच्या बायकोचाही गेला, एकामागून एक.

सगळ्यात शेवटी आईचा आला. बरेच दिवस पोटात राहून तो विरघळत आला होता. दोऱ्याएवढा उरला होता. तो आईच्या ओठांत शिरला. किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग पापणी हलली, डोळे उघडले, आणि ओठही हलले. पण ऐकू काही येईना. येसूनं कान आईच्या तोंडाला लावला.

"पातेलं वेळेवर उतरवलंस ना गं?"

"उतरवलं, आई."

भागाबाईचे हात परत आले. पण आवाज तेवढाच राहिला, कधी वाढला नाही. बोळकी थंडीत यायची, उंबऱ्यावरची नानकटाई खाऊन मुकाट्यानं परत जायची. काकू साऱ्या गावासाठी बोलायची. आणि भागाबाईचं बोलणं ऐकायचं, तर येसूला तिच्या कुशीत शिरावं लागायचं. मग ती रोज शिरायची. दोघी तशाच राहिल्या, सुखात राहिल्या.

दमला बघा माझाही आवाज. या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या. निजा आता.