उदुंबर नगराचा चार पायांचा प्रमुख

पूर्वी उदुंबर नगरावर कुणी राजा नव्हता. लोक काड्या टाकून आपला प्रमुख निवडीत. त्या काळी बोधिसत्त्व तिथे बैलाच्या जन्माला आले होते.

म्हातारा प्रमुख वारला. प्रमुखाच्या हुकमाशिवाय तळ्याचं दार उघडायचं नाही, अशी रीत. तळं काठोकाठ भरलेलं आणि खालच्या आळीचं भात वाळत चाललेलं. भद्रपाल आणि श्रीगुप्त हे दोन वयोवृद्ध मात्र प्रमुखपदासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत होते. केस पिकले म्हणून अक्कल पिकतेच असं नाही.

निवडीच्या दिवशी विणकरीण नंदिका बैलाला घेऊनच सभेत आली. "माझी काडी ह्याला!"

"पोरी, थट्टा करतेस?" भद्रपाल गुरकावले.

"थट्टा तुम्ही चालवलीय, आजोबा. हा खातो, पण शेण तरी देतो. तुम्ही काय दिलंत?"

लोक हसले आणि हसता हसता बहुतेकांनी बैलापुढेच काड्या टाकल्या. प्रमुख मुका, म्हणून हुकूम दोघा वृद्धांनी मिळून द्यावा असं ठरलं. पण पाणी कुणाच्या नावानं सोडायचं, यावर दोघे पुन्हा अडले.

प्रमुख बसेल तिथे सभा, आणि तो उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, अशीही तिथली रीत होती. म्हणून संध्याकाळी श्रीगुप्त गूळ-पेंड घेऊन आले. "महाराज, उद्या माझ्या अंगणात बसा, म्हणजे पाणी माझ्याच नावानं सुटेल. रोज हेच मिळेल."

बोधिसत्त्वांना गुळाचा वास आवडला. पण खालच्या आळीतली तहानलेली रोपं त्यांनी पाहिली होती. त्यांनी तोंड फिरवलं.

सकाळी ते खालच्या आळीच्या कोरड्या पाटात जाऊन बसले. सभेलाही तिथेच बसावं लागलं. ऊन चढलं. वृद्धांची डोकी तापली, बुडाखाली ढेकळं रुतू लागली. बोधिसत्त्व रवंथ करीत राहिले.

"उठा की, महाराज!" श्रीगुप्तांनी हात जोडले.

"पाणी आलं की उठतील," नंदिका म्हणाली.

"भद्रपाल, तुमच्या नावानं सोडा, पण सोडा!"

"अहो, तुमच्याच नावानं सोडा!"

तळ्यावरच्या राखणदाराला हाळी दिली आणि त्यानं दार उघडलं. पाणी खळखळत येऊन पोटाला लागलं, तेव्हा बोधिसत्त्व उठले. खाचरं भरली, आळीत हसू फुटलं. लोक सोन्याची घंटा बांधायला आले, तर बोधिसत्त्व मान सोडवून कुरणाकडे निघून गेले. मग लोकांनी नंदिकेला प्रमुख निवडलं.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, आज मानाच्या आसनावरून भांडलेले दोन स्थविर भिक्खू तेच ते वृद्ध. त्यांना सुनावणारी तरुण भिक्खुणी ती नंदिका. बैल मीच होतो. आमिषापुढे तोंड फिरवून, गरज असेल तिथे ठाण मांडून बसणं, ही क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता."