ठकूबाईनं चाखलेलं शेपूट

सांगतो, पण मधे कुणी चुळबूळ करायची नाही. मागच्या वेळी कुणीतरी शिंकलं आणि मी वाघाचा भागच विसरलो.

फार वर्षांपूर्वी, घाटात सडक नव्हती आणि वाघ होता, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या बोरघळीला खंडोबाचं देऊळ आहे. त्याच्यामागे, तुम्ही आज जिथं विटी-दांडू खेळता ना, तिथं देवाची पागा होती. पागेत घोडे दोनच. पांढऱ्याचं नाव भंडाऱ्या. चंपाषष्ठीला देवाची स्वारी त्याच्यावरून निघायची. त्याचं शेपूट थेट जमिनीला टेकायचं, आणि स्वारी दारावरून गेली की बाया आपल्या लेकरांच्या तोंडावरून ते फिरवून घ्यायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. दुसरी कोळशी. काळीभोर, अजून शिंगरूच. तिची आई तिला जन्म देऊन गेली होती.

या दोघांना सांभाळायची ठकूबाई मोतदारीण. नवरा देवाघरी गेला, लेकरू झालं नाही, तेव्हा तिनं कोळशीला शेळीचं दूध पाजून वाढवलं. बाई मायेची, पण तोंड? अरे बाप रे! ठकूबाईनं कानात एक शिवी हासडली की घोड्याचा ताप उतरायचा, असं म्हणतात. माणसांचा मात्र चढायचा.

तर एका वर्षी आसपासच्या गावांत पटकीची साथ आली. रोज कुठून तरी रडण्याचा आवाज यायचा. बोरघळ घाबरली. सगळा गाव देवळात जमला आणि पाटलांनी भंडारा उचलून नवस बोलला, ‘मल्हारीराया, गाव वाचव. दिवाळीपासून चंपाषष्ठीपर्यंत आम्ही अळणी खाऊ.’ आणि खरंच, साथ वेशीवरून मागे फिरली. एक माणूस दगावला नाही.

दिवाळी झाली. पहिल्या दिवशी अळणी आमटी पाटलांच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी गुरवाला मळमळायला लागलं. तिसऱ्या दिवशी सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा गुरवानं युक्ती काढली. “देवाचे घोडे म्हणजे आपलेच की. त्यांनी गावाच्या वतीनं अळणी खाल्लं तर देवाला चालंल.”

देवाला चालेल की नाही ते देवाला कुणी विचारलं? पण गावाला चाललं! ठकूबाई भाविक, तिनंही मान डोलावली. घोड्यांच्या चंदीत, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्यात, ती रोज मूठभर मीठ घालायची. ते तिनं बंद केलं. वर देवाच्या उपवासाचे घोडे म्हणून घराघरांतून त्यांना गूळ आणि पुरण यायला लागलं. सगळं गोडगोड.

आणि थोड्याच दिवसांत भंडाऱ्याचं शेपूट आखडायला लागलं. आधी जमिनीवरून उचललं, मग गुडघ्यापाशी आलं. लोक म्हणाले देव कोपला. ठकूबाई म्हणाली, “देव कशाला कोपतोय, ही बघा भवानी!” कोळशी मागे उभी राहून भंडाऱ्याचं शेपूट मजेत चघळत होती.

पाटील संतापले. “देवाच्या घोड्याचं शेपूट खाती? ही अवदसा हाय. चंपाषष्ठीच्या आत हिची खोड गेली न्हाई, तर घाटात न्हेऊन सोडा.” घाटात म्हणजे वाघाच्या तोंडी. ठकूबाईला दुसरं होतं कोण?

मग तिनं काय काय नाही केलं! शेपटाला मिरचीचं वाटण फासलं. कोळशीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण चघळणं सुरूच. कडुनिंब लावला, तोही गेला. आपलं जुनं लुगडं फाडून शेपटाला पिशवी शिवली, तर कार्टीनं पिशवीसकट खाल्लं. शेवटी दोघांच्या मध्ये कुडाची भिंत घातली. तर भंडाऱ्या चारा टाकून भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि कुडाच्या भोकातून त्यानं आपलं उरलंसुरलं शेपूट कोळशीकडे सारलं, असं म्हणतात. पोरीवर एवढी माया त्याची! ठकूबाईनं दोघांनाही शिव्या दिल्या आणि रडत भिंत काढली.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पाटील, गुरव आणि चार गडी दोर घेऊन पागेत आले. ठकूबाई कोळशीच्या गळ्याला मिठी मारून बसली. “माझं लेकरू हाय हो ते,” म्हणाली, “मला बी न्ह्या संगं.” आयुष्यात कुणापुढे न रडलेली बाई त्या दिवशी हमसून हमसून रडली. आणि कोळशी तिचे गाल चाटायला लागली. गाल चाटले, हनुवटी चाटली, पदरावर पडलेली आसवंसुद्धा चाटली. गड्यांनी दोर ओढला तरी हलेना.

ठकूबाईचं रडणं एकदम थांबलं. ती उठली, भंडाऱ्याच्या मागे गेली आणि सगळ्यांदेखत तिनं ते शेपूट आपल्या तोंडात घातलं!

“बाई खुळावली,” गुरव म्हणाला.

“खारट हाय!” ठकूबाई ओरडली. “आरं, घामानं खारट झालंय! माझी पोर मिठासाठी तडफडतीया, आन् मी मेली तिला मिरच्या लावत बसले!”

तशीच ती पाटलांच्या घरात घुसली, चुलीजवळची मिठाची बरणी उचलली आणि पागेत येऊन कोळशीपुढे ओतली. कोळशीनं मान खाली घातली ती वर काढलीच नाही. भंडाऱ्या शेजारीच शेपूट हलवत उभा होता, पण तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

“आगं, पन देवाचा नवस?” पाटील पुटपुटले.

ठकूबाई त्यांच्याकडे वळली. “नवस कुनी बोलला, पाटील? हिनं? पटकीला कोन भ्यालं हुतं, ही का तुमी? जीव तुमचा वाचला आन् उपास माझ्या मुक्या लेकरानं करायचा? वर तिलाच वाघापुढं टाकताय? थू!”

पाटलांनी गड्यांच्या हातातला दोर घेऊन खाली टाकला. मग एकेक घर उठलं आणि आपापलं मीठ पागेत आणून ओतून गेलं. त्या दिवसापासून महिनाभर गावानं अळणी खाल्लं, पाटलांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याचं शेपूट पुन्हा जमिनीला टेकत होतं, असं म्हणतात. देवाची करणी! फक्त ते अर्धं काळं होतं. आणि कोळशीचं शेपूट तेवढंच आखूड झालं होतं. आता काय समजायचं ते समजा. गावानं मात्र येळकोट केला आणि बायांनी तेच शेपूट लेकरांच्या तोंडावरून फिरवून घेतलं.

ठकूबाई म्हातारी होऊन गेली. पागेच्या जागी तिच्या नावाचा दगड आहे. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आजही गावात कुणाच्या घरात मीठ राहत नाही. सगळं त्या दगडावर ओततात, आणि गाव अळणी जेवतो. स्वारीचा घोडा आता बाहेरून आणावा लागतो, पण मीठ आधी तो चाटतो, मग गावची गुरंढोरं. चाटून चाटून दगडाला परात होईल एवढा खळगा पडलाय.

आणि चावडीत कुणाच्या पोराची, कुणाच्या सुनेची कागाळी आली, तर निवाडा करण्याआधी पाटलाच्या घरातल्या माणसानंच उठून विचारायचं असतं, “आपण याचं मीठ तर बंद केलं नाही ना?”